बॉनच्या सभागृहात गायकवाड सर

मुरलीधर सखाराम गायकवाड. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे शिल्प निदेशक, आता निवृत्त. आईवडील सोडले तर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार या माणसाचे आहेत. त्यांचं हे पूर्ण नाव मी आज लिहू शकतो, ते मी जर्मनीला जाऊन आल्यामुळे. त्याआधी इतकी वर्षं मला ते नुसते 'गायकवाड सर' म्हणून माहीत होते.

मी लातूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. वडील, आमचे अण्णा, गवंडी होते. आमच्या घराण्यात दहावी पास झालेला मी पहिला. पास झाल्यावर वडिलांनी मला आयटीआयला घातलं, कारण हाताला काम लागण्याचा तोच सरळ रस्ता होता. तिथे मी फिटर झालो असतो. गायकवाड सरांनी मला तिथून उचलून कॉलेजच्या रस्त्याला लावलं, म्हणून पुढे एम.ए. झालं, पीएच.डी. झाली. पीएच.डी.चा विषयही मी तोच घेतला होता: हाताचं काम शिकवणारं शिक्षण.

त्या अभ्यासात प्रोफेसर हेल्गा वेस्टेनडॉर्फ हे नाव पहिल्यांदा भेटलं. बॉनच्या विद्यापीठात त्या अर्थशास्त्र शिकवत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी कारखान्यात पगार घेत काम शिकायचं आणि आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत जायचं, या जर्मन पद्धतीला आउसबिल्डुंग म्हणतात. बाईंनी उभं आयुष्य या पद्धतीच्या अभ्यासात घातलं. त्यांचं मत स्पष्ट होतं. कॉलेजांवर कॉलेजं काढून बेकार पदवीधरांची रांग वाढवण्यापेक्षा देशांनी कारखान्यातल्या शिक्षणावर खर्च करावा, आणि आपल्यासारख्या देशांनी तर आधी करावा. सरकारं त्यांचा सल्ला घेत. मी त्यांना भीत भीत एक ईमेल पाठवली होती, तिला त्यांनी सविस्तर उत्तर दिलं आणि मग लिहिणं चालू राहिलं. त्या निवृत्त होणार होत्या. शेवटच्या व्याख्यानावर मी 'कोरेफेराट' द्यावा, असं आमंत्रण आलं.

आमच्या प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की आपले सूर्यवंशी सर जर्मनीत सत्काराला चालले आहेत. मीही तेच समजलो. आमच्याकडे ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त झाले की धाकट्याने उठून गौरवपर बोलायचं असतं, शाल आणि श्रीफळ द्यायचं असतं. मी मोठं भाषण लिहून आधीच पाठवून दिलं. सोलापूरहून एक चांगली शाल आणली. नारळ विमानात नेऊ देतात की नाही याबद्दल कुणाचंच एकमत होईना, तेव्हा तो तिकडेच घ्यायचं ठरलं.

बॉन

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. स्टेशनवर संदीप न्यायला आला होता. हा आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांचा धाकटा भाऊ. पुण्यात शिकला, आता इथल्या एका टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. माझी माकडटोपी बघून म्हणाला, "सर, टोपी काढू नका. इथे कुणी हसत नाही. थंडीत सगळेच असे दिसतात."

घरी त्याची बायको मुग्धा आणि नऊ वर्षांची अन्वी. मी अन्वीला कितवीत आहेस विचारलं तर तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं आणि पुन्हा खेळायला लागली. मुग्धा म्हणाली, "चौथीत आहे, सर. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर द्यायचा तेवढा कंटाळा." मी नेलेला ठेचा त्यांनी राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर लावून खाल्ला. मीही खाऊन पाहिला. तो पाव आंबट आणि जड असतो, पण ठेच्याला तो भाकरीइतकाच धरून राहतो, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

जेवताना कळलं की घरात एक काळजी चालू आहे. इथे चौथीच्या मध्यावर शाळा प्रत्येक मुलाबद्दल शिफारस करते. ज्यांनी पुढे विद्यापीठात जावं असं शिक्षकांना वाटतं त्यांना गिम्नाझिउम, बाकीच्यांना दुसऱ्या शाळा. अन्वीच्या शिक्षिकेने दुसरीच शाळा सुचवली होती. संदीपचं म्हणणं होतं की शेवटी इथे आईबापच ठरवतात, एवढं मनावर घ्यायला नको.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मुग्धा म्हणाली, "पण एकदा बाईंनी लिहिलं की ती त्यातली नाही, की माझ्या डोक्यातून ते जाणार आहे का? दहा वर्षांचीसुद्धा नाहीये ती."

आमच्या गावात दहाव्या वर्षी मुलांची अशी वाटणी कुणी करत नाही. ती न सांगताच झालेली असते, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऱ्हाइन नदीवर गेलो. मांजरा मी भरलेलीही पाहिली आहे आणि कोरडीही, पण कामावर निघालेली नदी पहिल्यांदाच पाहिली. लांबलचक मालवाहू बोटी एकामागून एक जात होत्या. एका बोटीच्या टपावर मालकाने स्वतःची मोटारगाडी उभी केली होती, शेजारी दोरीवर कपडे वाळत होते. समोरच्या तीरावर निष्पर्ण झाडांच्या टेकड्या. कार्निव्हल जवळ आल्यामुळे बेकऱ्यांत जॅम भरलेले तळलेले गोळे मांडले होते. एक घेतला आणि पहिल्याच घासाला तो जॅम माझ्या कोटावर आला. दुकानातल्या बाईंनी न विचारता कागद पुढे केला. रोज कुणाचं ना कुणाचं होत असणार.

विद्यापीठात पोचलो तेव्हा एका पाहुण्या प्राध्यापकाचं व्याख्यान संपत होतं. मी मागे बसलो. ते थांबले आणि अख्ख्या वर्गाने मुठी आवळून बाकं ठोकायला सुरुवात केली. आमच्या कॉलेजात बाकं वाजली की वक्त्याने ओळखायचं असतं, आता खाली बसा. त्या बिचाऱ्या माणसाकडे बघायचीही मला लाज वाटली, तर तो हसत मान लववत होता. शेजारच्या मुलीने सांगितलं की इथे व्याख्यान आवडलं की टाळ्या वाजवत नाहीत, असं ठोकतात. मी मनातल्या मनात नोंद केली. माझ्या भाषणाला हे झालं तर घाबरायचं नाही.

मग बाईंना भेटलो. त्यांच्या खोलीत खोकी भरून ठेवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या पुस्तकं वाटून टाकत होत्या. उंच, सडपातळ, पांढरे केस कापलेले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी वाकायला गेलो तर त्यांना वाटलं माझं काही खाली पडलं, त्याही वाकून शोधायला लागल्या.

माझं भाषण त्यांच्या टेबलावर होतं. "हेर सूर्यवंशी," त्या म्हणाल्या (हेर म्हणजे श्रीयुत), आणि पुढे इंग्रजीत, "हे वाचताना मला सारखं वाटत होतं, मी मेले आहे आणि मला कुणी कळवलं नाही."

मी हसलो, पण त्या थट्टा करत नव्हत्या. कोरेफेराट म्हणजे काय, ते त्यांनी मला समजावून सांगितलं. ज्याने मुख्य व्याख्यान आधीच वाचलेलं असतं असा दुसरा माणूस उठून त्यातलं काय पटत नाही, कुठे भोक आहे, ते सांगतो. ज्याचं काम गंभीरपणे घ्यायचं त्यालाच असा विरोधक देतात. तो सन्मान आहे. नुसती स्तुती केली तर ऐकणाऱ्यांना वाटतं, यांच्या कामात भांडण्यासारखंही काही नाही.

त्यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. देशात किमान वेतनाचा कायदा असू नये असं त्या वर्षानुवर्षं लिहीत आल्या होत्या. लहान धंदे माणसं कमी करतील, असं त्यांचं म्हणणं. कायदा आला. मग त्यांच्याच एका विद्यार्थिनीने, एका सभेत, कोरेफेराट देताना सांगितलं की प्रोफेसरांना ज्याची भीती होती ते आकड्यांत दिसत नाही. बाईंनी घरी जाऊन आकडे पुन्हा तपासले आणि वर्तमानपत्रात लेख लिहिला, की माझी चूक झाली. जुने मित्र बोलेनासे झाले. "त्या मुलीने त्या दिवशी माझा गौरव केला असता," त्या म्हणाल्या, "तर मी आज चुकीची असतानाच निवृत्त झाले असते."

परवा व्याख्यान होतं. मी म्हणालो, मला तुमचं सगळं पटतं. त्या म्हणाल्या, मग तुम्ही नीट वाचलेलं नाही. आणि एक काम सांगितलं. उद्या ब्राउनश्वाइगला जा. तिथे एका यंत्राच्या कारखान्याची शिकाऊ कार्यशाळा आहे, त्यांचे वडील तिथे फिटरचं काम करत आणि मुलांना शिकवत. "ते बघून या. तरीही न पटण्यासारखं काही सापडलं नाही, तर तुमची शाल आनंदाने घेईन आणि तुम्ही बोलूच नका."

मला विद्यापीठात सोडायला आलेल्या संदीपने शालीचं गुपित त्यांच्यापाशी आधीच फोडलं होतं.

ब्राउनश्वाइग

जाताना गाडीत मी बायकोला फोन करून सगळं सांगत बसलो. समोरच्या गृहस्थांनी न बोलता काचेवरच्या खुणेकडे बोट दाखवलं. ओठांवर बोट ठेवलेलं चित्र होतं. संपूर्ण डबाच गप्प बसायचा होता. माझ्या बायकोला वाटलं गाडी बोगद्यात गेली.

कार्यशाळेच्या दारात पाऊल टाकलं आणि वास आला. कापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास. तो आमच्या आयटीआयचाच वास होता, तसूभरही वेगळा नाही. आतली यंत्रं पाहून मात्र डोळे दिपले. स्वच्छ फरशी, प्रत्येकाच्या पायात कडक बूट, डोळ्यांना चष्मे. भिंतीवर जुन्या निदेशकांचे फोटो होते आणि त्यांत एक रुंद खांद्यांचा, हसू दाबून धरलेला माणूस होता, वेस्टेनडॉर्फ. बाईंची हनुवटी तीच.

तिथल्या मुख्य निदेशकांना सगळे माइस्टर म्हणत होते. नवीन मुलं व्हाइसच्या पकडीत लोखंडाचे तुकडे आवळून कानस मारत होती. इतकी यंत्रं असताना सुरुवात कानशीनेच होते हे बघून मला फार बरं वाटलं. आम्हीही महिनोन्महिने तेच केलं होतं. मी माइस्टरना खुणेने विचारलं, मारून बघू का. त्यांनी मला चष्मा दिला. पाय कसे ठेवायचे ते पायांना आठवत होतं. जाताना दाब, येताना हलकं. थोड्या वेळाने माइस्टरनी तो तुकडा घेतला, त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि उजेडाकडे धरला. गायकवाड सरही असंच करायचे. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला की जॉब, म्हणजे घासलेला तुकडा, नापास. माइस्टरनी एक डोळा मिटून पाहिलं, मग तुकडा मला परत देत काहीतरी बोलले आणि मुलं हसली.

एका मुलीला चांगलं इंग्रजी येत होतं. सोळा-सतरा वर्षांची, केस बांधलेले, बोटं काळी. तिने सांगितलं, "म्हणतात, प्रोफेसर म्हणून वाया गेलात."

आयुष्यात मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत हे मी फार वर ठेवतो.

दुपारी त्यांच्याच भोजनगृहात बटाट्याचं सार आणि पाव खाल्ला. मी त्या मुलीला विचारलं, हे काम नंतर आवडेनासं झालं तर. तिला प्रश्नच नीट कळेना. मी पुन्हा विचारलं, शिकावंसं वाटलं, कॉलेजात जावंसं वाटलं, तर काय करशील. तिने खांदे उडवले. "मग संध्याकाळची शाळा आहे. नाहीतर टेक्निशियनचा कोर्स. माझी मावशी नर्स होती, आता डॉक्टर होतेय. काहीतरी असतंच ना."

काहीतरी असतंच. ती हे इतक्या सहज म्हणाली आणि साराचा वाडगा पुसायला पाव मोडला. मी मात्र तिथेच थांबलो. आमच्या आयटीआयमध्ये त्या काळी काहीतरी नव्हतं. मी इतकी वर्षं बाईंचे लेख वाचत आलो होतो. कार्यशाळा कशी असावी, पगार किती असावा, कारखानदारांनी काय द्यावं, सगळं त्यांत होतं. तिथून बाहेर पडायचं दार कसं असावं, यावर मात्र त्यांनी कधी काही लिहिल्याचं मला आठवेना. आणि त्या स्वतः कशा प्रोफेसर झाल्या? दहावीनंतर एका कारखान्याच्या ऑफिसात आउसबिल्डुंग केलं, कारकुनी केली, आणि संध्याकाळच्या शाळेत बसून पुढची परीक्षा दिली. ही त्यांच्या परिचयातली एक ओळ असे. लेखांत कुठेच नसे.

भोक सापडलं होतं. पण ते दाखवायचं म्हणजे ज्या बाईंनी मला इथवर आणलं त्यांना, त्यांच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर म्हणायचं की तुम्ही आयुष्यभर अर्धीच गोष्ट सांगितलीत. परतीच्या गाडीत मी तेच वाक्य मनात पुन्हा पुन्हा जुळवून पाहत होतो. ज्येष्ठांसमोर मान खाली घालून बोलायचं, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की ते संस्कार आहेत की भीती, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

घरी मुग्धाने विचारलं, काय ठरलं. मी सांगितलं. संदीप म्हणाला की ऑफिसात सुरुवातीला त्याने साहेबाच्या कामाला 'छान आहे' म्हटलं, तर साहेबाने विचारलं होतं, वाचलंस का. मुग्धा कपडे घडी करत होती. ती वर न बघता म्हणाली, "बोला, सर. इथे अन्वीबद्दल सगळे इतकं शांतपणे बोलतात ना, की मला ओरडावंसं वाटतं. तुम्ही शांतपणेच बोला, पण बोला."

पुन्हा बॉन

सभागृह भरलं होतं. बाईंनी तासभर व्याख्यान दिलं. कागद न बघता, मधेच विनोद करत. कामातून शिकलेला माणूस बाजारात कसा ताठ उभा राहतो, कंपनीच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी बसले की काय बदलतं, आणि शेवटी, भारतासारख्या देशांनी हे का उचलावं. खूप ठोकाठोक झाली. मग एका जर्मन प्राध्यापकांनी पहिला कोरेफेराट दिला, फार तिखट. बाई खुशीत मान डोलावत होत्या. मग माझं नाव पुकारलं.

बोलायला उभा राहिलो तेव्हा हातात माझं जुनं भाषण नव्हतं. पहिलं वाक्य मात्र पाठ केलं होतं. मी म्हणालो की मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे आणि त्याआधी फिटरचा विद्यार्थी होतो, म्हणून कानस मारणं कमी प्रतीचं शिक्षण आहे असं मी कधीच म्हणणार नाही. सभागृहात खसखस पिकली, कारण ब्राउनश्वाइगच्या माइस्टरांचा शेरा तोवर बाईंपर्यंत आणि बाईंकडून सगळ्यांपर्यंत पोचला होता. त्या हसण्याने माझी जीभ सुटली.

मी गायकवाड सरांबद्दल सांगितलं. एके दिवशी त्यांनी माझ्या जॉबला गुण्या लावला, उजेडाकडे धरला आणि पास म्हणाले. मग म्हणाले, "कानस तुझी चांगली चालते, बालाजी. पण तू दर वेळी विचारतोस, असंच का. त्याचं उत्तर या शेडमध्ये नाही. तू बारावी कर." आयटीआय सोडून कॉलेजात जायचं म्हणजे एक वर्ष पाण्यात आणि परत यायची सोय नाही. वडील तयार होईनात. तेव्हा सर स्वतः बांधकामावर आले. वडील परांचीवर होते, ते थापी हातात घेऊनच खाली उतरले. ते म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणता पोराच्या हातात कला द्या, आणि तुम्हीच काढून नेता?"

"कला राहतीच की हो," सर म्हणाले. "ती कुठं जाती? कॉलेजात नाही टिकला तर माझ्याकडं परत धाडा. त्याचा व्हाइस मी कुणाला देत नाही."

नियमात तसं काही नव्हतं. जागा राखून ठेवायचा सरांना अधिकार नव्हता. त्यांनी शब्द दिला, वडिलांनी तो घेतला, आणि मी गेलो.

एवढं सांगून मी बाईंकडे वळलो. हे वाक्य मी मान वर करून बोललो.

"प्रोफेसर वेस्टेनडॉर्फ, तुम्ही आमच्या देशाला कार्यशाळा बांधायला सांगता. ती आम्हाला हवी आहे. पण तुम्ही स्वतः कार्यशाळेमुळे इथे उभ्या नाही. तुम्ही संध्याकाळच्या शाळेमुळे उभ्या आहात, आणि तिच्याबद्दल तुम्ही कधी लिहिलं नाहीत. तुमच्याकडे ते दार इतकं जुनं आहे की आता कुणाला दिसतही नाही. आमच्याकडे दार नव्हतं. तिथे एक माणूस दार होऊन उभा राहिला. मला तो भेटला. देशाचं धोरण अशा माणसाच्या भेटण्यावर सोडता येणार नाही. दार नसेल, तर तुमच्या उत्तम कार्यशाळेत गवंड्याची मुलं कायमची आत राहतील आणि दुसऱ्यांची मुलं बाहेर शिकतील."

मी बसलो. बाकं वाजली नाहीत. दोन दिवसांपूर्वी घाबरायचं नाही असं ठरवलं होतं ते बाकं वाजली तर. ती वाजलीच नाहीत तर काय करायचं, हे ठरवलेलं नव्हतं.

बाई उठल्या. "अर्धं मान्य," त्या म्हणाल्या. "उरलेल्या अर्ध्यासाठी मी तुमच्याशी भांडणार आहे." आणि खरोखर भांडल्या. दार फार मोठं ठेवलं तर हुशार मुलं कार्यशाळा नुसती थांबा म्हणून वापरतील, कारखानदार शिकवायचे थांबतील, हे त्यांनी मुद्द्यासह मांडलं. त्यातलं काही मला आजही खोडता येत नाही. मग त्यांचा आवाज बदलला. "संध्याकाळच्या शाळेबद्दल मी लिहिलं नाही, कारण मला नेहमी वाटत आलं की ते माझे कष्ट होते. दिवसभर काम करून मी तिथे बसायची, झोप आवरत. कुणीतरी ती शाळा चालवायचं ठरवलं होतं, तिचा दिवा कुणीतरी लावत होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझं इथवर येणं मी धोरणाचं फळ समजले नाही, स्वतःचा गुण समजले."

मग त्यांनी मला विचारलं, "त्या निदेशकांचं नाव काय? हे व्याख्यान छापलं जाईल. या मुद्द्याखाली मी तळटीप देणार आहे, आणि त्यात त्यांचं नाव असलं पाहिजे."

मी म्हणालो, "गायकवाड सर."

"पूर्ण नाव?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी तोंड उघडलं आणि मला काही आठवेना, कारण आठवायला काही नव्हतंच. ज्या माणसाच्या पाया मी दर दिवाळीत पडतो त्याचं नाव मला माहीत नव्हतं. सरांना नावाने कोण विचारतं? मी कबूल केलं की आमच्याकडे सर हेच नाव असतं, पूर्ण नाव मी विचारून कळवतो.

त्या क्षणी पहिल्या रांगेतून एक मूठ बाकावर पडली, मग दुसरी, आणि मग सगळं सभागृह वाजायला लागलं. लाकडाचा तो आवाज पायांतून वर चढत होता. मी उभा राहिलो आणि का कोण जाणे, हात जोडले. तो नमस्कार त्या लोकांना होता की दूर लातूर जिल्ह्यातल्या एका शेडला, हे मला सांगता येणार नाही. इतका अभिमान मला पदवी मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

शाल मग बाईंनीच मागितली. "आता चालेल ना?" त्या म्हणाल्या. मी ती त्यांच्या खांद्यावर घातली. संदीपने एका श्रीलंकन दुकानातून आणलेला नारळ दिला, तेव्हा पहिला कोरेफेराट देणारे ते तिखट प्राध्यापक तो कानाशी धरून हलवून बघू लागले. मुग्धा अन्वीला घेऊन आली होती आणि माझं इंग्रजी बोलणं तिला कानात सांगत होती. अन्वी माझ्याकडे आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही दार म्हणालात ना, ते कुठेय?" मी मुग्धाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघून डोळे टिपत होती. मी अन्वीला म्हणालो, इथे तुझ्या आईबाबांना ते माहीत आहे, आणि एकच नाही, बरीच आहेत.

यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्याने गायकवाड सरांना फोनवर ऐकू येत नाही. म्हणून त्याच दिवशी संदीपच्या घरी बसून मी त्यांना पत्र लिहिलं आणि बॉनच्या टपालपेटीत टाकलं. ते असं:

आदरणीय गायकवाड सर,

दुरूनच पायांवर डोकं ठेवतो. हे पत्र जर्मनीतून लिहितो आहे. प्रकृती सुखरूप आहे, थंडी फार आहे, टोपी घालतो.

सर, आज इथल्या विद्यापीठात मोठमोठ्या विद्वानांसमोर मी तुमच्याबद्दल बोललो. तुम्ही अण्णांना बांधकामावर येऊन जे म्हणालात ते जसंच्या तसं सांगितलं. ज्या प्रोफेसर बाईंबद्दल मी तुम्हाला सांगत असतो त्यांना मी त्यांच्या तोंडावर विरोध केला. तुम्हाला हे आवडेल की नाही माहीत नाही, पण असंच का हे विचारायची सवय तुम्हीच मोडली नाहीत. त्यांना राग आला नाही. त्या अर्धं मान्य म्हणाल्या.

इथली कार्यशाळाही पाहिली. तिथेही कानशीपासूनच सुरुवात करतात आणि गुण्या उजेडाकडेच धरतात. मी एक जॉब मारला. पास झाला.

बाईंचे वडील तुमच्यासारखेच निदेशक होते. नारळ त्यांनी घरी नेला आहे. कसा फोडायचा ते मी सांगितलं, तर म्हणाल्या, वडिलांची हातोडी अजून ठेवली आहे, तिनेच फोडीन.

सर, एक विनंती आहे. बाई त्यांच्या छापील व्याख्यानात तुमचं नाव देणार आहेत. सगळ्यांसमोर त्यांनी मला ते विचारलं आणि मला सांगता आलं नाही. तुमच्या केबिनच्या दारावर 'निदेशक, फिटर' एवढंच लिहिलेलं होतं. हजेरी घेताना आमची सगळ्यांची नावं तुम्ही वडिलांच्या नावासकट घ्यायचात. तुमचं आमच्यापैकी कुणीच कधी घेतलं नाही.

तरी आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात कळवावं. इथे ते छापायचं आहे.

तुमचा,
बालाजी विठ्ठल सूर्यवंशी
फिटर, पहिलं वर्ष